मूळ नोंद आणि आपली दुरुस्ती : शूर्पारकाच्या संदर्भसूचीच्या निमित्ताने

संदर्भसूची ग्रंथाच्या अखेरीस लहान टायपात छापली जाते आणि बहुतेक वाचक तेथवर पोहोचण्यापूर्वीच पुस्तक मिटतात. तथापि इतिहासावरील हक्काचे कित्येक निर्णय त्या लहान टायपातच होत असतात, असा आमचा अनुभव आहे. लेखक म्हणून कोणाचे नाव छापावे, गावाचे नाव कोणत्या रूपात द्यावे, वस्तू कोठे सापडली व आज कोठे आहे, हे सारे एका ओळीत ठरते. एकदा ती ओळ छापली गेली की, पुढचे अभ्यासक ती जशीच्या तशी उतरवून घेतात. म्हणून ही ओळ कोणी बदलावी, कोठे बदलावी आणि कितपत बदलावी, या प्रश्नाचा विचार बौद्ध अभ्यासकांनी गांभीर्याने केला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

या विचाराला निमित्त झाले ते आमच्याच एका चुकीचे. पालघर, बोईसर आणि तारापूर परिसरातील वाचकांसाठी जिल्ह्यातील प्राचीन अवशेषांवर आजवर झालेल्या लेखनाची सूची सिद्ध करण्याचे काम आम्ही हाती घेतले होते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीचे सर्व लेखन साहजिकच ‘ठाणे जिल्हा’ या नावाखाली आहे. आपल्या जिल्ह्याचे नाव सूचीत ठळकपणे दिसावे, या उत्साहात आम्ही संगणकावरील नोंदींच्या फाइलीत ‘ठाणे’ हा शब्द सरसकट बदलून ‘पालघर’ केला. कच्ची मुद्रिते हाती आली, तेव्हा सूचीत ‘मुंबई इलाख्याचे गॅझेटियर, खंड १४, पालघर, १८८२’ असा एक ग्रंथ दिसू लागला. असा ग्रंथ जगात कधी छापलाच गेला नव्हता. बोईसरच्या एका विद्यार्थ्याने त्या कच्च्या प्रतीवरून ग्रंथालयात मागणी नोंदविली आणि ‘या नावाचे पुस्तक नाही’ असे उत्तर घेऊन तो परत आला. पुस्तक कपाटात होते. आमच्या नोंदीने त्याचा रस्ता बंद केला होता.

चूक आमची होती आणि हेतू चांगला होता. परंतु चांगल्या हेतूने केलेली खाडाखोडही खाडाखोडच असते. या प्रसंगानंतर आम्ही हा प्रश्न मुळापासून पाहिला. त्यातून जे हाती आले, ते येथे मांडीत आहोत.

नोंद म्हणजे काय?

नोंद ही कल्पना आपल्या परंपरेस नवी नाही. कार्ले येथील चैत्यगृहात सोपाऱ्याहून आलेल्या एका दात्याचा लेख कोरलेला आहे. तो सोपारकचा होता, धम्मुत्तरीय परंपरेचा होता, भाणक म्हणजे बुद्धवचनाचे पठण करणारा होता आणि त्याचे नाव सातिमित होते. त्याने धातूसहित स्तंभाचे दान दिले. गाव, परंपरा, कार्य, नाव आणि दान, एवढे पाच रकाने त्या एका ओळीत आहेत. त्यात राजाचे नाव नाही की स्तुती नाही. ज्याने दिले, त्याची ओळख आणि त्याने काय दिले, एवढेच आहे. आजच्या ग्रंथपालाने नोंद करावी, तितक्या नेमकेपणाने ती कोरलेली आहे.

एखाद्या भक्ताने आज त्या स्तंभाशी जाऊन ‘सोपारक’ हा शब्द घासून काढला आणि त्या जागी ‘नालासोपारा, जिल्हा पालघर’ असे कोरले तर? माहिती कदाचित अधिक अचूक होईल, परंतु लेख नष्ट होईल. ‘सोपारक म्हणजे आजचे नालासोपारा’ हे सांगण्याचे काम आमचे आहे आणि त्याची जागा आमच्या पानावर आहे. स्तंभावर आमचा हात चालता कामा नये. शिलालेखाच्या बाबतीत हा विवेक सर्वांस पटतो. कागदावरील आणि संगणकातील नोंदीच्या बाबतीत तो चटकन सुटतो, कारण तेथे घासण्याचे श्रम पडत नाहीत.

सोपाऱ्याचे रकाने

सोपाऱ्याचे नाव पाली वाङ्मयात सुप्पारक असे येते. उदानात ज्या बाहिय दारुचीरियाची कथा आहे, तो समुद्रतीरी सुप्पारक येथे राहत होता. सुनापरान्तास धम्म घेऊन जाणाऱ्या पुण्ण स्थविराची कथाही नंतरच्या परंपरेने याच बंदराशी जोडलेली आहे. संस्कृतात ते शूर्पारक होते, शिलालेखांत सोपारक होते आणि ग्रीक लेखकांनी ते आपल्या उच्चाराप्रमाणे लिहिले. एकाच गावाची ही सर्व नावे आहेत. प्रत्येक नाव त्या त्या साधनाचा भाग आहे.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्यातील ‘बुरुड राजाचा कोट’ या टेकाडाचे उत्खनन केले. लोक ज्यास राजाचा कोट म्हणत होते, तो विटांचा स्तूप निघाला. त्याच्या गर्भात दगडी पेटी होती. पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे, सोन्याची फुले, यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे आणि आठ ब्राँझ मूर्ती मिळाल्या. या मूर्ती सात बुद्धांच्या व आठवी मैत्रेयाची, अशी ओळख पटविण्यात आली. त्याच वर्षी भटेळा तळ्याजवळ सम्राट अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा सापडला. राजे पूर्वी विहारयात्रेस जात असत. राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी अशोक संबोधीस गेला व तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली, हा त्या शासनाचा आशय होय. नवव्या शिलाशासनाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात मिळाला. ज्या वर्षी नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी धम्मचक्र पुन्हा प्रवर्तित केले, त्याच वर्षी कोकणच्या मातीतून अशोकाचे शब्द वर यावेत, हा योगायोग आमच्या वाचकांस निश्चितच भावेल.

आता या वस्तूंच्या नोंदी पाहाव्यात. १८८२ सालच्या लेखनात स्थळ ‘ठाणे जिल्हा, मुंबई इलाखा’ असे आहे. १९५६ साली ते ‘ठाणे जिल्हा, मुंबई राज्य’ होते. १ मे १९६० पासून ते महाराष्ट्र राज्य झाले आणि २०१४ पासून पालघर जिल्हा. शिलाशासनाचा तुकडा ज्या संग्रहालयात आहे, ते जुन्या पुस्तकांत ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम’ आहे. आज ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. स्तूपातील अवशेष ज्या संस्थेकडे आहेत, ती तेव्हा ‘रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा’ होती; आज ती एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई आहे. दगड तोच आहे, पेटी तीच आहे. परंतु नोंदीचे रकाने शंभर-सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलले. जुन्या लेखाचा हवाला देताना आम्ही कोणते नाव लिहावे?

बोईसर-तारापूरच्या वाचकांस अधिक जवळचे उदाहरण चिंचणीचे आहे. तारापूरच्या खाडीपलीकडील या गावी १९५५ साली ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकार यांनी ते एपिग्राफिया इंडिकाच्या ३२ व्या खंडात प्रसिद्ध केले. त्यांतील शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ चा ताम्रपट राष्ट्रकूट इंद्र तृतीय याच्या काळचा आहे. आज गुजरातेत असलेल्या संजाणच्या प्रदेशावर त्या वेळी राष्ट्रकूटांच्या वतीने एक ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी कारभार पाहत होता. ताम्रपटात त्याचे नाव ‘मधुमती’ असे येते. मुहम्मद या नावाचे ते संस्कृतीकरण असल्याचे सरकार यांनी दाखविले. हा ताम्रपट बौद्ध नाही व तो तसा आहे, असे आम्ही सुचवीतही नाही. आमच्या प्रश्नासाठी त्याचे महत्त्व निराळे आहे. एका माणसाचे नाव दुसऱ्या भाषेच्या कारकुनाने आपल्या सोयीने फिरविले आणि हजार वर्षे तांब्यावर तेच राहिले. सरकार यांनी तांबे खरवडले नाही. त्यांनी ‘मधुमती’ तसेच छापले आणि आपल्या विवेचनात त्याचा उलगडा केला. त्यामुळे त्या माणसाचे नाव आणि त्या नावाचे झालेले रूपांतर, हे दोन्ही पुरावे आज आपल्या हाती आहेत.

छपाईतील दुरुस्तीची रीत

खिळ्यांच्या छपाईच्या काळात या प्रश्नाचे उत्तर शुद्धिपत्रात असे. संगणकावरील अक्षरजुळणीत ते अधिक नेटके करता येते. तांत्रिक बाब असली, तरी ती समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात एक नैतिक शिस्त दडलेली आहे.

विद्वत्तापूर्ण ग्रंथांच्या जुळणीसाठी जगभर वापरली जाणारी ‘टेक’ ही पद्धती डोनाल्ड नुथ यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस निर्माण केली. तिच्यावर उभ्या राहिलेल्या ‘लाटेक’ला जोडून १९८५ साली ‘बिबटेक’ आले. त्यामागील विचार असा की, ग्रंथाचा मजकूर एका फाइलीत असावा व संदर्भांच्या नोंदी दुसऱ्या फाइलीत. प्रत्येक नोंदीस एक खूणनाव असते आणि तिच्याखाली लेखक, शीर्षक, वर्ष, स्थळ, प्रकाशक असे रकाने असतात. लेखक आपल्या मजकुरात फक्त खूणनाव लिहितो. जुळणीच्या वेळी यंत्र नोंद शोधून सूची तयार करते. एकच नोंदफाइल दहा ग्रंथांस आणि वीस लेखांस पुरते. म्हणून ती सर्वांची सामाईक ठेव असते.

या सामाईकपणातच पेच आहे. एखाद्या लेखापुरता एक रकाना वेगळा छापावयाचा असेल तर काय करावे? मूळ फाइलीत बदल केला, तर तिच्यावर अवलंबून असलेले सर्व लेख नकळत बदलतात. आमच्या हातून नेमके हेच झाले. जुन्या बिबटेकमध्ये सूचीची ढब ठरविणारी शैलीफाइल बदलावी लागे, किंवा तीच नोंद दुसऱ्या खूणनावाने पुन्हा लिहावी लागे. अशा जुळ्या नोंदी काही वर्षांत एकमेकींशी भांडू लागतात. २००६ पासून विकसित झालेल्या ‘बिबलाटेक’ने आणि त्याच्या सोबतीच्या ‘बीबर’ या कार्यक्रमाने हा पेच सोडविला. मूळ नोंदीस हात न लावता, ग्रंथाच्या दस्तऐवजातूनच एखादा रकाना त्या ग्रंथापुरता बदलण्याची सोय त्यात झाली.

ही सोय दोन टप्प्यांवर मिळते. पहिला टप्पा नोंद वाचली जाते तेव्हाचा. दस्तऐवजाच्या आरंभी असा नियम लिहिता येतो की, अमुक खूणनावाची नोंद आली, तर तिच्या स्थळाच्या रकान्यात तमुक मजकूर घ्यावा, किंवा टीपेचा नवा रकाना जोडावा. दुसरा टप्पा नोंद छापली जाते तेव्हाचा. तेथे एखादा रकाना गाळता येतो किंवा वेगळ्या रूपात छापता येतो. दोन्ही वेळा मूळ फाइल जशी होती तशीच राहते, आणि बदल कोणी, कोणत्या ग्रंथात, काय केला, हे त्या ग्रंथाच्या दस्तऐवजात लेखी राहते.

या दोन टप्प्यांत एक फरक आहे व तो अभ्यासकाने ध्यानात ठेवला पाहिजे. सूचीचा अनुक्रम बीबर हा कार्यक्रम छपाईपूर्वीच लावतो. वाचनाच्या टप्प्यावर लेखकाचे नाव बदलले, तर नोंद नव्या नावाच्या जागी जाते. छपाईच्या टप्प्यावर बदलले, तर अक्षरे नवी दिसतात, पण नोंद जुन्या नावाच्या जागीच राहते. ‘भ’मध्ये शोधणाऱ्या वाचकास ती सापडत नाही. नुसते दर्शनी नाव बदलून माणसाचे स्थान बदलत नाही, हे आमच्या समाजास निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

लेखकाचा रकाना

‘भ’चे उदाहरण आम्ही सहज घेतलेले नाही. भगवानलाल इंद्रजी यांचा जन्म १८३९ साली जुनागढ येथे झाला. १८६१ पासून त्यांनी डॉ. भाऊ दाजी यांच्यासाठी काम केले. लेण्यालेण्यांतून हिंडून शिलालेखांचे ठसे व नकला आणण्याचे कष्ट भगवानलालांचे होते. त्या काळात त्यांवर आधारलेले लेखन भाऊ दाजींच्या नावाने प्रसिद्ध झाले. १८७४ साली भाऊ दाजींचे निधन झाल्यावरच भगवानलाल स्वतःच्या नावाने विद्वानांसमोर आले. ते गुजरातीत लिहीत आणि ते लेखन इंग्रजीत आणण्याचे काम बुह्लर यांसारखे विद्वान करीत. १८८८ साली ते वारले. ठाणे गॅझेटियरच्या १४ व्या खंडातील सोपाऱ्याच्या वर्णनास त्यांच्या शोधांचा आधार आहे. परंतु तो खंड ग्रंथालयांच्या तालिकांत संकलक जेम्स कॅम्पबेल यांच्या नावावर असतो.

येथे न्याय कसा करावा? संकलकाचे नाव पुसून तेथे भगवानलालांचे नाव लिहावे काय? तसे केल्यास आम्ही पुन्हा न छापलेल्या ग्रंथाची नोंद केल्याचे दोषी ठरू. संकलक कॅम्पबेल होते, हे सत्य आहे. सोपाऱ्याचा स्तूप भगवानलालांनी उघडला, हेही सत्य आहे. म्हणून आम्ही मूळ नोंद आहे तशी ठेवली. आमच्या सूचीपुरता पुरवणीचा रकाना जोडून त्यात सोपाऱ्यासंबंधीचे शोध भगवानलालांचे असल्याचे नमूद केले, आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकाच्या १५ व्या खंडातील सोपारा व पडण येथील अवशेषांवरचा त्यांचा स्वतःचा लेख ‘भ’मध्ये स्वतंत्रपणे दिला. ग्रंथपालांची जुनी रीत अशी की, मुखपृष्ठावर नसलेली माहिती आपण पुरविली, तर ती चौकोनी कंसात ठेवावी. म्हणून आमच्या सूचीत आता ‘ठाणे जिल्हा [सध्या पालघर जिल्हा]’ असे छापले जाते. कंसाबाहेर साधन बोलते, कंसात आम्ही बोलतो. बोईसरच्या विद्यार्थ्यास पुस्तकही सापडते आणि ते आपल्याच मातीविषयी आहे, हेही कळते.

टेकाडात ज्यांनी कुदळ मारली, त्यांची नावे कोणत्याही रकान्यात नाहीत. ती आम्हास पुरविता येणार नाहीत. परंतु तो रकाना रिकामा आहे, हे सांगणे आमच्या हाती आहे, आणि ते आम्ही सांगतो.

बाबासाहेबांचा ग्रंथ

या शिस्तीचा सर्वांत मोठा वस्तुपाठ आपल्या घराघरांत आहे. बाबासाहेबांनी १९५१ पासून आपल्या ग्रंथाचे लेखन सुरू केले. आरंभी त्याचे नाव ‘द बुद्ध अँड हिज गॉस्पेल’ असे होते. पुढे त्यांनी स्वतः ते बदलले आणि ‘गॉस्पेल’ या परक्या शब्दाच्या जागी ‘धम्म’ हा शब्द आला. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्या पहिल्या आवृत्तीत पाली साधनांचे हवाले दिलेले नव्हते. टीकाकारांनी याचा उपयोग करून घेतला. ग्रंथास आधार नाही, अशी भाषा सुरू झाली.

भदन्त आनंद कौसल्यायन यांनी त्या ग्रंथाचा हिंदी अनुवाद केला आणि त्यातील वचनांची मूळ स्थाने शोधण्याचे परिश्रम घेतले. पाली वाङ्मयात मुरलेल्या या भिक्खूने ग्रंथाची वाक्ये फिरविली नाहीत; आधार शोधून ते वाचकांपुढे ठेवले. १९९२ साली महाराष्ट्र शासनाने इंग्रजी ग्रंथ बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांच्या मालेतील ११ वा खंड म्हणून प्रसिद्ध केला आणि १९९५ साली पाली व इतर साधनांची सूची त्या खंडाची पुरवणी म्हणून वेगळी छापली. २०११ साली आकाश सिंह राठोड व अजय वर्मा यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती निघाली. तिन्ही प्रसंगी बाबासाहेबांचे शब्द त्यांचेच राहिले, आणि आधार पुरविणाऱ्यांचे काम त्यांच्या नावाने वेगळे दिसत राहिले. आपल्या ग्रंथाच्या बाबतीत आपण जी शिस्त मागतो, तीच दुसऱ्यांच्या ग्रंथांच्या बाबतीत पाळली पाहिजे.

शीर्षकाचाही येथे विचार करणे इष्ट ठरेल. घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस आणि शां. शं. रेगे यांनी केलेला मराठी अनुवाद १९७० साली प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षक ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ असे आहे. मूळ इंग्रजी शीर्षकात ‘भगवान’ हे पद नाही. आमच्या कार्यकर्त्यांच्या पुस्तिकांतून कधी इंग्रजी ग्रंथाची नोंद मराठी नावाने आणि १९५७ या सालाने केली जाते, तर कधी १९७० च्या अनुवादास इंग्रजी पृष्ठांक जोडले जातात. वाचक ते पान उघडतो आणि वचन तेथे नसते. विरोधकाच्या हाती याहून सोपे शस्त्र देता येणार नाही. मूळ शीर्षक एका रकान्यात, अनुवादाचे दुसऱ्यात, दोन्ही साले आपापल्या जागी, एवढी दक्षता पुरेशी आहे. लेखकाच्या रकान्यातही मुखपृष्ठावरील नाव असावे. ‘बोधिसत्त्व’, ‘परमपूज्य’ ही आमची आदराची पदे आमच्या मजकुरात शोभतात. ती ग्रंथाच्या मुखपृष्ठावर होती, असे सूचीने भासवू नये. त्याने बाबासाहेबांचा मान तसूभरही उणा होत नाही.

महापदेस आणि आपले नाव

महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांनी भोगनगर येथे चार महापदेस सांगितले आहेत. कोणी म्हणेल, हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले. कोणी संघाचा हवाला देईल, कोणी अनेक थेरांचा, कोणी एका थेराचा. अशा वेळी ऐकणाऱ्याने लगेच स्वागत करू नये आणि लगेच धिक्कारही करू नये. ते शब्द नीट समजून घ्यावेत आणि सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावेत, असा तो उपदेश आहे. येथे हवाला देणाऱ्याचे म्हणणे प्रथम जसेच्या तसे ऐकून घेतलेले आहे. त्याच्या तोंडी दुसरे शब्द घातलेले नाहीत. तपासणी नंतर, स्वतंत्रपणे व सर्वांसमोर होते. संदर्भसूचीचा याहून चांगला विनय आम्हास ठाऊक नाही.

कोणी विचारील, ज्या नोंदींनी आमच्या पूर्वजांचा अपमान केला, त्याही तशाच ठेवावयाच्या काय? हा प्रश्न रास्त आहे. वसाहतकालीन गॅझेटियरांच्या लोकसंख्येवरील प्रकरणांत अस्पृश्य मानलेल्या जातींविषयी जी भाषा आहे, ती वाचताना आजही मन पेटते. शाळांच्या दाखल्यांत आणि गावच्या दप्तरांत आमच्या वडीलधाऱ्यांची नावे दुसऱ्यांनी, दुसऱ्यांच्या तिरस्काराने लिहिली. धर्मांतरानंतर अनेकांनी आपली नावे स्वतः निवडली. परंतु राजपत्रात नावबदल छापला जातो, तेव्हा तेथे जुने नाव आणि नवे नाव दोन्ही येतात. जुने दप्तर कोणी फाडीत नाही. राजपत्राची प्रत जोडली की, त्या दिवसापासून माणूस नव्या नावाने उभा राहतो, आणि जुना दाखला त्याचाच असल्याचेही सिद्ध होते. दप्तर फाडले असते, तर शिक्षणाचा पुरावा गेला असता आणि अन्यायाचाही.

म्हणून अपमान करणारी नोंद जेव्हा आम्ही उद्धृत करतो, तेव्हा साधन म्हणून ती तशीच राहू देतो आणि आमच्या पानावर आमच्या शब्दांत तिचे उत्तर देतो. जुनी नोंद साक्षीदार आहे. साक्षीदाराची जबानी आवडली नाही म्हणून ती बदलणाऱ्याचा खटला न्यायासनासमोर टिकत नाही. बुद्धस्थळांवरील नावे, मूर्तींची ओळख आणि लेण्यांचा इतिहास इतरांनी पुसला, असे आपण म्हणतो आणि पुराव्यानिशी म्हणतो. ते म्हणण्याचा अधिकार आपल्या सूचीच्या स्वच्छतेवर अवलंबून आहे.

पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरातील विहारांतून आज तरुण अभ्यासक संगणकावर स्वतःच स्मरणिका, पुस्तिका आणि प्रबंध जुळवीत आहेत. त्यांना आमचे सांगणे थोडके आहे. मूळ नोंदींची फाइल ही संघाची ठेव समजावी. तिच्यात केवळ मुखपृष्ठावर आहे तेच असावे आणि टंकदोष आढळला, तरच मूळ ग्रंथ समोर ठेवून तो सुधारावा. आपल्या लेखास जे वेगळे सांगावयाचे असेल, ते आपल्या लेखाच्या दस्तऐवजातून, त्या लेखापुरते, कंसात आणि आपल्या नावाच्या जबाबदारीवर सांगावे. सरसकट बदलाची कळ दाबण्यापूर्वी सातिमित भाणकाचा स्तंभ डोळ्यांपुढे आणावा.

आमच्या सूचीचे काम अद्याप चालू आहे. ‘पालघर, १८८२’ ही खोटी ओळ आम्ही काढून टाकली आहे. पण ज्या कच्च्या प्रतीवर ती छापली गेली, ती प्रत आम्ही जपून ठेवली आहे. तिच्या समासात चुकीचा दिनांक, कारण आणि दुरुस्ती लिहिलेली आहे. आमच्याही नोंदीस तोच नियम लागू असला पाहिजे.